मालवण-तारकर्लीला जाताय? या चुका टाळा, आणि आधी तिथी बघा

पुण्याचा मावसभाऊ सुट्टी लागली की कुडाळला मला फोन करतो. पहिला प्रश्न ठरलेला: "हॉटेल कुठलं बरं?" मी विचारतो, "त्या दिवशी तिथी कुठली आहे?" बरीच वर्षं त्याला वाटायचं, मी उपवासाचं विचारतोय.

दोन वर्षांपूर्वी मला न विचारताच तो अकरा माणसांची वरात घेऊन आला. पौर्णिमा होती. आंबोळ्या हाणून मंडळी साडेदहाला देवबागला पोचली, सुनामी बेट नावाचा वाळूचा दांडा बघायला. बोटवाल्याने सांगून पाहिलं, "साहेबानू, पाणी चढता हा, सांजेक येवा." पण पुण्याच्या माणसाचा कार्यक्रम कागदावर लिहिलेला असतो. गेले. बेटाच्या जागी गुडघाभर पाणी. फोटो अजून माझ्याकडे आहेत: अकरा माणसं समुद्राच्या मधोमध एसटीची वाट बघत उभी असावीत तशी. संध्याकाळी पाच वाजता तीच जागा कोरडी, लांबलचक वाळूची पट्टी झाली होती आणि हे लोक तेव्हा हॉटेलात झोपले होते.

मालवण परिसरातल्या सहलीच्या निम्म्या चुका इथूनच सुरू होतात. आपण घड्याळ लावून येतो आणि इथलं सगळं भरती-ओहोटीवर चालतं.

भरतीचा हिशेब न करता बोट ठरवणे

कोकणातला जुना ठोकताळा सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीची सहा. पौर्णिमा-अमावास्या पंधरावी, म्हणून सव्वाअकरा. पक्ष कुठलाही असो, हिशेब तोच. त्यापुढे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, जिला इथे सुकती म्हणतात. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी असतेच, वेगळं ॲप लागत नाही.

सुनामी बेट म्हणजे कर्ली नदी समुद्राला मिळते तिथला वाळूचा दांडा. ते सुकतीलाच बघावं. चतुर्थी ते सप्तमी या दिवसांत सकाळी नऊ ते साडेअकरा ही चांगली वेळ, पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळ. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, त्यामुळे बेट मोठं दिसतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, फरक कमी, बेटही बेताचंच.

यात एक धोका आहे. सुकती लागते तेव्हा नदीचं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून समुद्राकडे धावत असतं. वरून शांत दिसतं, पण ओढ जबर असते. संगमावर पोहायला उतरू नका, पट्टीचे पोहणारे असाल तरी.

तासाभरात सिंधुदुर्ग 'करून' येणे

मालवणच्या जेटीवरून बोट किल्ल्यावर सोडते आणि साधारण तासाभराने परत घेते. बहुतेक मंडळी त्यातला अर्धा तास दरवाजासमोर फोटो काढण्यात घालवतात. वास्तविक तिथे थांबून बघण्यासारखी गोष्ट हीच, की बोट अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा दिसतच नाही. तट असा वळवून घेतला आहे की शत्रूने आत शिरायची जागा शोधत राहावं. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला या कुरटे बेटावर काम सुरू केलं आणि तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. चारी बाजूंनी खारं पाणी, पण आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरींना गोडं पाणी. राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वर मंदिर आहे आणि आतली शिवाजी महाराजांची मूर्ती दाढी नसलेली आहे. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने ज्या बारा मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत हा एक.

बोटीत बसण्याआधीच बोटवाल्याशी बोला: "आम्ही नंतरच्या फेरीने येऊ, चालेल का?" बहुतेकदा चालतं, पण विचारल्याशिवाय नाही. सकाळी पहिल्या फेऱ्यांपैकी एक धरा, कारण अकरानंतर तटावरचा दगड तापतो आणि तटबंदीची फेरी तीन किलोमीटरच्या आसपास आहे. पाण्याची बाटली न्या, रिकामी बाटली परत आणा. आत काही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यांच्या अंगणात शिरून 'गावरान फोटो' काढू नका. थोडी रोख रक्कम खिशात असू द्या, मोबाइलची रेंज तिथे लहरी आहे.

किल्ल्याशेजारचा छोटा पद्मगड सुकतीला पाण्यातून चालत गाठता येतो, हे कुठेतरी वाचून काही जण स्वतःच निघतात. परत येताना पाणी चढलेलं असतं. बरोबर स्थानिक माणूस असल्याशिवाय जाऊ नका.

नकाशावर 'समोरच' दिसतंय म्हणून खोली घेणे

देवबागच्या टोकावर उभं राहिलं की पलीकडे भोगवे दिसतं. हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं. म्हणून लोक भोगव्याला खोली घेतात आणि बोटिंग, जेवण, किल्ला सगळं मालवण-देवबागचं ठरवतात. मधे नदी आहे. गाडीने यायचं तर देवबागहून मागे मालवण, मग नेरूरपारचा पूल, परुळे आणि मग भोगवे. सहज तास-सव्वातास जातो. भोगव्याला राहायचं असेल तर एक पूर्ण दिवस तिकडचाच ठेवा: निवतीचा किल्ला, तिथला किनारा, संध्याकाळ. ते गाव त्या लायकीचं आहे.

देवबाग ही नदी आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी, रस्ताही तसाच. नाताळात किंवा सलग सुट्ट्यांत सतरा आसनी गाडी आत नेलीत, तर वळवायला अर्धं गाव मदतीला बोलवावं लागतं.

'सिंधुदुर्ग' स्टेशनवर उतरणे

नाव बघून तिकीट काढलेले लोक दरवर्षी भेटतात. ते स्टेशन ओरोसजवळ, जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. किल्ला तिथे नाही, गाड्या कमी थांबतात, रात्री रिक्षा मिळवताना नाकी नऊ येतात. मालवणसाठी कुडाळला उतरा, तिथून तीसेक किलोमीटर. वंदे भारतने आलात तर कणकवली, ती कुडाळला थांबत नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, जुनी वेळ गृहीत धरू नका. चिपीचा विमानतळ २०२१ पासून आहे, पण आधी तुमच्या तारखेचं विमान आहे का ते बघा आणि मग खोली घ्या. उलटं करणारे पस्तावले आहेत.

भरल्या पोटी स्कूबा

हा माझा स्वतःचा पराक्रम. सकाळी घावणे, चटणी, वर चहा, आणि तासाभरात बोट हलायला लागली. पाण्याखाली मासे बघायच्या आधी मीच माशांना नाश्ता दिला. दोन तास आधी हलकं काहीतरी खा, तळलेलं नको. सर्दी असेल तर पैसे गेले तरी चालतील, पण उतरू नका. नाक चोंदलेलं असलं की कानातला दाब मोकळा होत नाही आणि कळ अशी येते की काही विचारू नका. स्कूबा करून लगेच विमानात बसू नका, मध्ये निदान अठरा तास जाऊ द्या. म्हणजे स्कूबा शेवटच्या दिवशी नको, पहिल्या-दुसऱ्या दिवशी उरका.

पाणी नितळ हवं तर नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. दिवाळीत बऱ्याचदा गढूळ असतं, मग "काहीच दिसलं नाही" म्हणून भांडणं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे. प्रवाळाला पाय लावू नका, तुकडा तर मुळीच उचलू नका. व्हिडिओत मासे जवळ यावेत म्हणून खाणं टाकतात, ते मला पटत नाही. तुम्ही नको म्हणू शकता.

बोट कुठलीही असो, अंगावरचं लाइफ जॅकेट परत किनाऱ्याला लागेपर्यंत काढू नका आणि बोटीत माणसं जास्त वाटली तर चढू नका. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून जीव गेले होते. मेअखेरीला वारा फिरतो. जलक्रीडा आणि प्रवासी बोटी त्याच सुमारास बंद होतात, त्या ऑगस्ट संपेपर्यंत. "ओळखीने सोडतो" म्हणणारा भेटलाच, तर त्याच्या ओळखीची तुम्हाला गरज नाही.

मेनूकार्ड बघून मासा मागणे

सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोळंबी थाळी. दहा टेबलं, तीच मागणी. मासा छापील कार्डावर येत नाही, जाळ्यात येतो. बसल्याबसल्या विचारा, "आज काय इलाय?" सुरमई आली नसेल तर शीतपेटीतली मिळेल, पैसे मात्र ताज्याचेच. त्यापेक्षा त्या दिवशी आलेले बांगडे, मुडदुशे, सौंदाळे, लेप स्वस्त आणि चवीला दोन पावलं पुढे. मोठ्या माशाचा भाव आकारावर असतो, तो तळणीत जायच्या आधी विचारून घ्या. बिल आल्यावर भुवया उंचावून उपयोग नाही.

घरगुती खानावळीत दुपारी दीडला जाऊन "दहा ताटं लावा" म्हणू नका. तिथे सकाळी सांगावं लागतं, कारण नारळ त्या सांगण्यावर फुटतो. नारळाचं वाटप, म्हणजे वाटलेला मसाला, तयार ठेवलेलं नसतं, म्हणूनच ती चव असते.

बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे तिखट कालवणात, छोटी, काळपट, फुटलेल्या बोंडासारखी तिरफळं दिसतील. ती चावायची नाहीत. चावलीत तर जिभेला मुंग्या येतात आणि पुढची दहा मिनिटं मासा की पुठ्ठा ते कळत नाही. सुगंध घ्या, बाजूला काढा. सोलकढी शेवटी भातावर घ्यावी किंवा प्यावी. गडद गुलाबी, सरबतासारखी चमकणारी असेल तर जरा शंका घ्या. खऱ्या सोलकढीचा रंग फिका असतो.

बरोबर शाकाहारी माणूस असेल तर त्याला पनीर खायला लावू नका. हा अन्याय मी डोळ्यांनी पाहिला आहे. वडे किंवा आंबोळीबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबारं, कुळथाची पिठी, मार्च-एप्रिलला ओल्या काजूगरांची उसळ, गोडाला खापरोळी. मासे खाणारेसुद्धा त्याच्या ताटात हात घालतील.

जून-जुलैत आलात तर यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. तेव्हा सुरमईचा हट्ट धरू नका. सुका बांगडा, सुकट, टाकळ्याची भाजी, फागलां (करटोली) आणि आंबोलीचा पाऊस, एवढ्यावर दोन दिवस सुखाने जातात.

जत्रेच्या दिवशी चुकून पोचणे

आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, पण तारीख पंचांगात नसते, देवीच्या कौलाने ठरते. जाहीर झाली की मुंबईच्या गाड्या भरतात, मालवणच्या खोल्या भरतात, रस्ते भरतात. जत्रेलाच यायचं असेल तर उत्तम, गरमगरम खाजा खा. निवांत समुद्र हवा असेल तर तारीख जाहीर होईपर्यंत थांबा आणि मग तो आठवडा टाळा. गणपतीत तर आमचेच लोक गाडीत उभे असतात, तुम्हाला जागा कुठून मिळणार.

आगळ आणून सरबत करणे

निघताना मालवणच्या बाजारात कोकमाच्या बाटल्या घेतात. दोन प्रकार असतात. अमृत कोकम साखरेचं, पाणी घातलं की सरबत. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला अर्क, सोलकढीसाठी. दोन्ही लालभडक, शेजारी शेजारी मांडलेल्या. मावसभावाने घरी जाऊन पाहुण्यांना आगळाचं सरबत दिलं होतं, बर्फ घालून. बाटलीवरचं नाव वाचा, वाचूनही कळलं नाही तर दुकानदाराला विचारा. आणि आंब्याची पेटी घ्यायची असेल तर हायवेच्या टपरीवर 'देवगड हापूस' असा कागद बघून घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये बागायतदाराच्या घरून घ्या, पेटी उघडायला लावा, खालचा थर बघा.