शाब्दिक उदाहरणांसाठी मोबाइल कसा वापरावा

‘गणितासाठी कुठलं ॲप घ्यावं?’ नाशिकच्या सिडकोतल्या माझ्या शिकवणीत पालक हमखास विचारतात. फुगे फोडा, तारे मिळवा, वर घड्याळ पळतंय, असली ॲप्स बेरजा आणि पाढे घोटून घ्यायला ठीक आहेत. शाब्दिक उदाहरणांना त्यांचा काडीचा उपयोग नाही. चार पर्यायांवर बोट मारत सुटलं की उत्तर कधीतरी बरोबर येतंच, आणि ही मेख पोरांना लगेच कळते.

टॅब असेल तर ब्राउझरमध्ये पॉलीपॅड उघडा; पट्ट्या, आकार स्क्रीनवर मांडायची ही वेबसाइट फुकट आहे. फोनच असेल तर चित्र काढायचं कुठलंही साधं ॲप चालेल. उदाहरणं बालभारतीच्या पुस्तकातली घ्या. पानावरचा क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्यही मिळतं.

उदाहरण तुमच्या आवाजात रेकॉर्ड करा. पहिली-दुसरीतलं मूल वाचण्यातच दमतं, गणितापर्यंत पोचतच नाही. रेकॉर्डिंग ते हवं तितक्या वेळा ऐकतं, आणि चौथ्यांदा वाचताना आपला जो आवाज चढतो तोही टळतो. ठिकाणं ओळखीची घाला: निमाणीहून सिटीलिंक बस निघाली, रविवार कारंजावर ८ जण उतरले.

आता खरी गोम. ‘मीराकडे १२ पेरू आहेत. सईपेक्षा तिच्याकडे ४ जास्त आहेत. सईकडे किती?’ बहुतेक मुलं छातीठोकपणे १६ सांगतात. कारण ‘जास्त आलं की बेरीज, उरले आलं की वजाबाकी’ असा मंत्र कुणीतरी कानात फुंकलेला असतो. हा मंत्र शिकवू नका. कुणी शिकवत असेल तर त्याला थांबवा. या प्रकारापाशी माझी गाडी बराच काळ अडायची. कितीही समजावून सांगा, पुढच्या उदाहरणाला पुन्हा बेरीज. सुटका झाली ती पट्ट्यांनी, म्हणजे प्रत्येकाच्या संख्येसाठी एक आडवी पट्टी काढून. सिंगापूरच्या शाळांमध्ये ही पद्धत १९८०च्या दशकापासून रुळली आहे.

आधी आकडे गाळून रेकॉर्ड करा: ‘मीराकडे काही पेरू आहेत. सईपेक्षा तिच्याकडे थोडे जास्त आहेत.’ विचारायचं एवढंच, कुणाकडे कमी? बेरीज करायला हाताशी काही नसलं की मुलाला गोष्ट ऐकावीच लागते. मग मीराची लांब पट्टी, तिच्याखाली सईची आखूड. डावी टोकं एका रेषेत हवीत, नाहीतर फरक दिसतच नाही. पॉलीपॅडच्या पट्टीवर आकडा दिसत असेल तर या पायरीला ती नको, हाताने साधे आयत काढू द्या. आणि काढायचे मुलानेच. वाकडे आले तरी तुमचं बोट स्क्रीनला लागता कामा नये.

आता आकडे सांगा. १२ कुठे लिहायचे, ४ कुठे? ४ सईच्या पट्टीत लिहिले तर ‘चूक’ म्हणू नका. ‘हे चार पेरू कुणाकडे आहेत?’ असं विचारा आणि गप्प बसा. ही शांतता पालकांना सोसवत नाही, म्हणून सगळं बिघडतं. जास्तीचा तुकडा मीराच्या टोकाला आहे हे दिसलं की मूल ८ वर आपसूक येतं. मध्येच ‘बेरीज करू की वजाबाकी?’ आलं तर उत्तर द्यायचं नाही. ‘पट्टी बघ’ म्हणायचं.

आकडेमोड वहीत.

मग उत्तर गोष्टीत बसवून बघा: सईकडे ८, त्यापेक्षा ४ जास्त म्हणजे १२, मीराचे जुळले. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली उदाहरण सोडवण्याच्या चार पायऱ्या मांडल्या, त्यातली मागे वळून तपासायची ही शेवटची. घाईत हीच गाळली जाते.

शेवटी स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करून मुलाला पट्ट्या पुन्हा काढत बोलू द्या आणि ते आजोबांना व्हॉट्सॲपवर पाठवा. आजोबांना मात्र आधीच सांगून ठेवा: नुसता अंगठा नको, उलट एक प्रश्न पाठवा. दिवसाला दोन उदाहरणं पुरेत. त्यातलं दुसरं मुलाने स्वतः रचायचं, आणि त्यात ‘जास्त’ हा शब्द असूनही वजाबाकीच करावी लागली पाहिजे.