फ्लॅटमध्ये शिरलेला उंदीर कसा घालवायचा

घरात उंदीर दिसला की बहुतेक जण आधी दुकानात जाऊन विषाची वडी आणतात. विषाचा विचार अगदी शेवटी करायचा, आणि बऱ्याच घरांत त्याची वेळच येत नाही. उंदीर ज्या भोकातून आला ते उघडंच राहिलं, तर हा मेला तरी त्याच वाटेनं दुसरा येतो. त्याच्या मुताचा वास वाटेवर राहिलेला असतो आणि नव्या उंदराला तेवढी खूण पुरते. म्हणून आधी कोण आलाय ते ओळखा, मग वाटा बुजवा, त्याच संध्याकाळी चाप लावा आणि उंदीर गेल्यावर साफसफाई करा. इथली माहिती मुंबई-पुण्याकडच्या सोसायटीतला फ्लॅट डोळ्यांपुढे ठेवून दिली आहे.

कोण आलाय?

लेंड्यांवरून कळतं. ३ ते ६ मिलिमीटरच्या, टोकं निमुळती, साधारण तांदळाच्या दाण्याएवढ्या लेंड्या असतील तर तो छोटा घरउंदीर. याचं वजन जेमतेम १५ ते २५ ग्रॅम भरतं. सेंटीमीटरभर किंवा त्याहून मोठ्या लेंड्या दिसल्या तर मोठा काळा उंदीर. त्याची शेपटी अंगापेक्षा लांब असते आणि तो पाइपवरून सरसर वर चढतो, त्यामुळे चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. तळमजल्याला बाहेरून माती उकरून बिळं पाडलेली दिसली तर ते काम घुशीचं असतं.

रात्री भिंतीच्या कडेनं चिरचिर करत पळणारी, लांब तोंडाची, बारीक डोळ्यांची आणि उग्र वासाची असेल तर ती चिचुंद्री. ती उंदरांपैकी नाही. झुरळं आणि किडे खाते, तारा कुरतडत नाही. तिच्यासाठी चाप किंवा विष ठेवू नका. मोरीची जाळी नीट बसवली की तिचं येणं थांबतं.

हा फरक कळायला हवा, कारण छोटा आणि मोठा उंदीर वागायला अगदी वेगळे. छोटा भोचक असतो, नवी वस्तू दिसली की लगेच हुंगायला येतो. शिवाय तो घरट्यापासून फार तर तीन ते दहा मीटरच फिरतो, म्हणजे लेंड्या जिथे दाट दिसतात तिथेच जवळपास घरटं असतं: फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरच्या उबेला, ओव्हनच्या खाली, माळ्यावरच्या जुन्या गादीत. मोठा मात्र संशयी. नवी वस्तू दिसली की चार-चार दिवस तिच्याकडे फिरकत नाही.

घाई करायची ती एवढ्यासाठी की छोट्या उंदराची मादी १९ ते २१ दिवसांत विते, एका वेळी पाच ते आठ पिल्लं होतात आणि ती पिल्लं सहा-सात आठवड्यांत स्वतः वीण घालू लागतात.

वाट शोधणं

रात्री झोपण्याआधी ओट्याखाली, फ्रिजच्या बाजूला आणि न्हाणीच्या दाराशी भिंतीलगत टाल्कम पावडरचा किंवा बारीक रांगोळीचा हातभर लांबीचा पातळ थर चाळणीनं भुरभुरा. सकाळी टॉर्च जमिनीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. पावलांचे ठसे आणि मधून शेपटीची ओढलेली रेघ स्पष्ट दिसते. रेघ कुठून येते आणि कुठे जाते ते बघत गेलात की भोक सापडतं. नेहमीच्या वाटेवर भिंतीला काळपट तेलकट डागही पडलेले असतात.

छोट्या उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते, मोठ्याला साधारण १२ मिलिमीटरची. साधी पेन्सिल भोकात शिरली, तर छोटा उंदीर शिरणारच असं धरून चाला.

सगळ्यात जास्त फसगत होते ती सिंकखाली. गवंडी दीड इंची पाइपसाठी तीन इंचांचं भोक पाडतो, प्लंबर पाइप घालतो आणि त्यापुढे ट्रॉल्या बसतात. मग ते भोक वर्षानुवर्षं कोणाच्या नजरेलाच पडत नाही. खालची ट्रॉली पूर्ण ओढून, थोडी वर उचलून रुळातून बाहेर काढा आणि भिंतीपर्यंत हात व टॉर्च घाला. बहुतेक फ्लॅटमध्ये पहिलं भोक इथेच सापडतं.

त्यानंतर बघायची ठिकाणं म्हणजे वॉशिंग मशीनचा पाइप घालायला काढून ठेवलेली न्हाणीची जाळी, गॅसच्या पाइपचं भोक, एसीच्या तांब्याच्या नळीभोवतीची जागा (तिथे भरलेली पांढरी लांबी उंदीर सहज कुरतडतो) आणि विजेच्या वायरी जिथून घरात येतात तो डक्ट. बंद एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांमधूनही तो येतो. स्वयंपाकघराच्या खिडकीला नायलॉनची मच्छरदाणी जाळी असेल तर ती उंदरासाठी नसल्यासारखीच. मुख्य दाराखालची फट रात्री घरातला दिवा लावून बाहेरून बघा, उजेड जिथून येतो तिथे मोजा. तळमजल्यावर राहत असाल तर कमोडचं झाकण रात्री बंद ठेवा, मोठा उंदीर पाण्यातून पोहत वर येऊ शकतो.

बुजवणं

लागणारं सामान थोडंच आहे: स्टेनलेस स्टीलच्या तारेच्या घासण्या, थोडं सिमेंट आणि बारीक वाळू, ६ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक डोळ्यांची धातूची जाळी, स्क्रू.

घासणी कात्रीनं न कापता, उलगडून स्क्रूड्रायव्हरनं भोकात दाबून ठासा, इतकी की बोटानं ओढून निघणार नाही. त्यावर एक भाग सिमेंट आणि तीन भाग वाळूचा घट्ट माल दोन सेंटीमीटर जाड भरा. घासणी साध्या लोखंडी तारेची घेऊ नका. सिंकखालच्या ओलीत ती काही महिन्यांत गंजून भुगा होते आणि भोक पुन्हा मोकळं होतं. ओला माल उंदीर त्याच रात्री उकरतो, हा नेहमीचा घोळ आहे. आत तार असली तर तो तिथेच अडतो, तरीही पहिल्या रात्री फरशीचा तुकडा आणि वीट टेकवून ठेवा. माल घट्ट झाला की पुढचे तीन-चार दिवस तो पाण्यानं ओला ठेवा.

चिंध्या, कागद, थर्माकोल, नुसतं पीओपी किंवा फुगणारा फोम भरून उपयोग होत नाही, उंदीर ते एका रात्रीत पोखरतो. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, त्यामुळे कुरतडणं त्याला सुटत नाही. मोरीची तोंडं बुजवायची नसतातच. तिथे स्क्रूनं घट्ट बसणारी स्टीलची जाळी लावा आणि वॉशिंग मशीनच्या पाइपसाठी मापाचं भोक असलेली जाळी घ्या. दाराखाली नुसती रबरी पट्टी तो कुरतडेल, अॅल्युमिनियमची पट्टी ठोकून घ्या आणि फट ६ मिलिमीटरच्या आत आणा.

खाणं उचलणं

छोट्या उंदराला दिवसाला सुमारे तीन ग्रॅम खाणं पुरतं, म्हणजे गॅसच्या शेगडीखाली सांडलेल्या पोह्यांवरही तो निभावतो. रात्री ओटा पुसा, ओला कचरा घराबाहेर किंवा झाकणाच्या डब्यात ठेवा, पोहे-शेंगदाणे-डाळी प्लास्टिकच्या पिशव्यांतून काढून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत भरा. देवघर अनेकदा राहून जातं. तुपाच्या फुलवाती, नैवेद्याची साखर आणि खोबरं तो आवडीनं खातो, साबण आणि मेणबत्त्याही सोडत नाही. खिडकीत कबुतरांना दाणे टाकत असाल तर आधी ते थांबवा. उंदीर घालवायचे आणि दाणेही टाकायचे, हे जमत नाही.

चाप आणि पिंजरा

वाटा बुजवल्या त्याच संध्याकाळी चाप लावायचे. आत अडकलेला उंदीर त्या रात्री बाहेर पडायला धडपडतो आणि भिंतीच्या कडेनं फेऱ्या मारतो. एवढी चांगली संधी पुन्हा मिळत नाही.

एक चाप आणून मधोमध ठेवून काही होत नाही. छोट्या उंदरासाठी स्वयंपाकघरात किमान सहा चाप हवेत, दोन-तीन मीटरच्या अंतरानं. चाप भिंतीला काटकोनात ठेवा आणि आमिषाची बाजू भिंतीला टेकवा, कारण उंदीर मिशा भिंतीला घासत कडेकडेनं चालतो. भिंतीला समांतर ठेवलेला चाप तो उलट्या बाजूनं ओलांडून जातो.

आमिष वाटाण्याएवढंच. भाजलेलं सुकं खोबरं, शेंगदाण्याचं कूट आणि गूळ मळून केलेली गोळी, कालचं भजं किंवा सुक्या बोंबलाचा तुकडा यांतलं काहीही चालतं. मोठा तुकडा लावला की उंदीर बाहेरूनच कुरतडतो आणि चाप सुटत नाही. खोबरं किंवा बोंबील शिवणकामाच्या दोऱ्यानं खटक्याला बांधा, म्हणजे ते ओढावं लागतं. सकाळी आमिष गायब आणि चाप तसाच दिसला तर खटका कडक आहे. काडीनं हलकेच दाबून बघा, बोटाच्या ओझरत्या स्पर्शानंही सुटला पाहिजे. तीन रात्री चापाला कोणी हातच लावला नाही तर जागा चुकली आहे, चाप ताज्या लेंड्यांपाशी हलवा.

मोठ्या काळ्या उंदरासाठी तीन-चार रात्री आमिष लावून पण चाप न ताणता ठेवा. सगळीकडचं खाणं जायला लागलं की एकाच रात्री सगळे ताणा. पिंजराही तसाच वापरा: दार तारेनं उघडं बांधून सवय लावा आणि वरून गोणपाट टाका, अंधाऱ्या जागेत तो निर्धास्त शिरतो. पिंजरा फिनेलनं धुऊ नका, वासानं उंदीर बिचकतो.

मूल किंवा मांजर असलेल्या घरात चाप पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा आणि खोक्याला दोन्ही टोकांना उंदरापुरतं भोक पाडा.

गणपतीचं वाहन म्हणून उंदीर मारायचा नसेल तर पिंजरा लावावा. मात्र तो सकाळी उठल्याबरोबर बघा, आत कोंडलेला जीव उन्हात तडफडून मरू देऊ नये. सोडायचा तर वस्तीपासून दूर. समोरच्या नाल्यात सोडलेला उंदीर त्याच पाइपवरून वर येतो किंवा शेजाऱ्याकडे जातो. अशा घरांनी भोकं बुजवण्यात जराही कसूर करू नये.

चिकट पॅड वापरू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. उंदीर त्यावर तासन्‌तास जिवंत अडकतो आणि ओरडतो, सुटायला स्वतःचा पाय कुरतडतो. पाल किंवा चिमणीही त्यात अडकते. अडकलीच तर खाण्याचं तेल थेंब-थेंब सोडून हळूहळू सोडवा. सॉकेटमध्ये लावायच्या ध्वनिलहरींच्या यंत्रांवर पैसे घालवू नका, त्या लहरी भिंत किंवा कपाट ओलांडत नाहीत आणि उंदरांना सवय होते. डांबराच्या गोळ्यांनी उंदीर जात नाही, तो वास माणसांनाच बाधतो.

विषाबद्दल

विष खाल्लेला उंदीर तुमच्या सोयीच्या जागी मरत नाही. ट्रॉलीमागे किंवा फॉल्स सीलिंगमध्ये मेला तर दोन आठवडे घरात बसवत नाही. तरीही वापरायचंच झालं तर ब्रोमाडिओलोन ०.००५ टक्क्याच्या वड्या, त्याही कुलूपबंद आमिषपेटीत. यानं रक्त गोठायचं थांबतं, उंदीर चार ते सात दिवसांनी मरतो आणि चुकून माणसानं खाल्लं तर डॉक्टरांकडे व्हिटॅमिन केचा उतारा असतो.

पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट घरात आणूच नका. ट्यूबमधली ती पेस्ट मुलांना टूथपेस्ट वाटते. तिनं यकृत निकामी होतं, सुरुवातीला माणूस बरा वाटतो आणि नंतर ढासळतो. तिच्यावर उतारा नाही. झिंक फॉस्फाइडवरही नाही. धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात ठेवणं तर जिवावरचं आहे, हवेतल्या ओलीनं त्यातून निघणारा फॉस्फिन वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. कोणाच्या पोटात काही गेल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न बघता पाकीट घेऊन थेट रुग्णालयात जा.

साफसफाई

लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. आधी अर्धा तास खिडक्या उघड्या ठेवा. मग हातमोजे आणि मास्क घालून एक भाग ब्लीच व दहा भाग पाणी असं मिश्रण शिंपडा, पाच मिनिटं थांबा आणि कागदानं टिपून दुहेरी पिशवीत टाका. ब्लीच टॉयलेट क्लीनरमध्ये किंवा अॅसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. मेलेला उंदीरही असाच भिजवून उचला.

लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या मुतातून पसरतो आणि पावसाळ्यात त्याचा जोर असतो. साफसफाईनंतर महिनाभरात ताप, पोटऱ्या दुखणं किंवा डोळे लाल होणं सुरू झालं तर डॉक्टरांना उंदरांचं आवर्जून सांगा. चावा घेतला तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली धुऊन दवाखाना गाठा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं तिथे ठरेल.

इमारत आणि गाव

तुमच्या फ्लॅटच्या वाटा बुजल्या आणि डक्टमध्ये कचरा तसाच राहिला तर उंदीर शेजारच्या घरात जातो, म्हणून सोसायटीच्या सभेत विषय काढाच. डक्ट साफ करणं, बाहेरच्या पाइपांना पत्र्याची गोल चकती बसवणं, गच्चीला टेकणाऱ्या फांद्या मीटर-दीड मीटर मागे छाटणं ही कामं एकट्यानं होत नाहीत. मुंबईत आवारातल्या बिळांसाठी वॉर्डातल्या महापालिकेच्या कीटकनाशक विभागाकडे तक्रार करता येते.

कोकणातल्या कौलारू घरात सगळ्या फटी बुजवणं शक्य नसतं. तिथे धान्याची खोली तेवढी पक्की करा, पोती जमिनीपासून आणि भिंतीपासून वीतभर लांब फळ्यांवर ठेवा, लाकडांची रास घरापासून दूर रचा. भाताची कापणी झाली की शेतातले उंदीर घराकडे वळतात, चाप त्याच्या आधीच तयार ठेवा.

शेवटचा उंदीर सापडल्यावरही दोन आठवडे चाप आणि रांगोळीचा थर ठेवा. चौदा रात्री ठसा उठला नाही तर चाप उचला. मग पावसाळ्याच्या तोंडावर खालची ट्रॉली एकदा काढून ते सिमेंट आणि मोरीच्या जाळ्यांचे स्क्रू तपासा.