मूडलवर कोर्सचे कोड कसे ठरवावेत

महाविद्यालयात मूडल, म्हणजे ऑनलाइन अध्यापनाची संगणक प्रणाली, सुरू झाले की पहिल्या वर्षी मोजकेच कोर्स असतात. कोणी ‘मराठी एसवाय’ नाव देतो, कोणी ‘इतिहास नवीन’. तेवढ्यावर भागते. दुसऱ्या वर्षी त्यांच्याच प्रती निघतात, ‘इतिहास नवीन’च्या शेजारी ‘इतिहास नवीन 2’ येतो आणि कोणते अंतर्गत गुण कोणत्या वर्षाचे हे शोधण्यात परीक्षा विभागाचे दिवस जातात. नुकसान शेवटी विद्यार्थ्याचेच. म्हणून जूनमध्ये पहिला कोर्स उघडण्याआधी कोडची पद्धत कागदावर ठरवून घ्या.

1. कोणत्या रकान्यात काय, ते आधी ठरवा

मूडलमध्ये कोर्सला तीन ओळखी देता येतात. पूर्ण नाव विद्यार्थ्यासाठी असते, ते खुशाल मराठीत लिहा. दोन कोर्सचे पूर्ण नाव सारखे असले तरी मूडल अडवत नाही. शॉर्ट नेम मात्र साऱ्या साइटवर एकदाच वापरता येते, आणि हाच आपला कोड. तिसरा आयडी नंबर. तो रिकामा ठेवता येतो, पण भरला तर तोही दुसऱ्या कोर्सला चालत नाही. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातला पेपर कोड इथे जसाच्या तसा लिहा आणि मागे वर्ष जोडा, म्हणजे निकालाच्या यादीशी मेळ घालता येतो.

शॉर्ट नेममध्ये नुसता पेपर कोड टाकू नये. एकाच संस्थेची अंबाजोगाई आणि लातूर अशी दोन महाविद्यालये असली, तर पहिले छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाला जोडलेले आणि दुसरे नांदेडच्या. दोन्हीकडचे कोड स्वतंत्रपणे ठरतात, आणि दोन्ही महाविद्यालयांचे मूडल एकच असेल तर ते एकमेकांवर आदळू शकतात. अशा ठिकाणी सुरुवातीला महाविद्यालयाचा एक अंक ठेवा.

2. कोडचे तुकडे पाडा

विषय, सत्र, पेपरचा प्रकार, वर्ष. एवढे चार पुरतात. मराठीच्या तिसऱ्या सत्राचा पहिला मेजर (मुख्य विषयाचा) पेपर असेल तर ‘एमएआर-3-एमजे1-2526’. इथे कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापले आहेत, प्रत्यक्षात ते रोमन मोठ्या अक्षरांत टाका. त्याला व्यवहारी कारण आहे. देवनागरी मजकूर असलेली फाइल एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या मजकूर फाइलीत) जतन केली की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात. शिवाय संगणकाला ‘३’ आणि ‘3’ ही दोन वेगळी चिन्हे वाटतात, त्यामुळे शोधताना कोर्स सापडत नाही.

विषयाची तीन अक्षरे ठरवताना सगळे विभागप्रमुख एकत्र बसवा. ‘जीईओ’ भूगोलाचे की भूशास्त्राचे? ‘पीएचवाय’ भौतिकशास्त्राचे की शारीरिक शिक्षणाचे? एकदा भूगोलाला ‘जीओजी’ आणि भूशास्त्राला ‘जीओएल’ दिले की पुन्हा बदलू नका.

नव्या शैक्षणिक धोरणात मेजर, मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (खुला ऐच्छिक विषय), व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवृद्धी), एईसी (क्षमतावृद्धी) असे पेपरचे प्रकार आले. एकच विषय एका वर्गाला मेजर आणि दुसऱ्याला मायनर असतो, म्हणून प्रकाराचा तुकडा गाळू नका. जुन्या पॅटर्नच्या बॅकलॉगवाल्यांसाठी वेगळा कोर्स लागत असेल तर त्याला एखादे अक्षर राखून ठेवा.

3. वर्ष टाकाच

माझ्या मते हा सगळ्यात मोलाचा तुकडा आहे. 2025-26 चे ‘2526’ करा. मागच्या वर्षीच्या कोर्समध्येच नवे विद्यार्थी भरले तर जुन्या उत्तरपत्रिका, चर्चा आणि गुण नव्यांत मिसळतात. दर वर्षी नवा कोर्स, नवा कोड. वर्ष पुढे घ्यावे की मागे, यावर मतभेद आहेत. मी मागे ठेवतो. एका विषयाचे सगळे कोर्स यादीत एकत्र येतात, आणि वर्षवार विभागणी कॅटेगरीने (मूडलमधल्या कोर्सच्या गटाने) करता येते.

4. बदलणारे काही कोडमध्ये नको

शिक्षकाचे नाव तर नकोच. आपल्याकडे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक दर वर्षी बदलतात. गावाचे नावही टाळा. 2023 मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले; कोडात जुनी आद्याक्षरे घातली असतील तर ती आता नव्या विद्यार्थ्याला कळत नाहीत. वर्गाच्या अ, ब अशा तुकड्यांसाठी वेगळे कोर्स उघडण्यापेक्षा एकाच कोर्समध्ये ग्रुप करणे बरे.

5. चिन्हे आणि शून्य

जोडायला फक्त आडवी रेघ. स्वल्पविरामाने सीएसव्हीचे रकाने सरकतात, आणि अंडरस्कोर लिंकच्या अधोरेषेत दिसेनासा होतो. सत्राला एक अंक पुरतो, पण पेपर नऊच्या वर जाणार असतील तर ‘01’ पासून सुरू करा, नाहीतर अक्षरक्रमाने 10 हा 2 च्या आधी येतो. नुसत्या अंकांचा कोड मात्र नको, एक्सेल सुरुवातीचे शून्य खाऊन टाकते.

6. भरण्याआधी तपासा

एकगठ्ठा भरताना सीएसव्हीत शॉर्ट नेम, पूर्ण नाव आणि कॅटेगरी हे रकाने घ्या, आणि आधी मूडलचे पूर्वावलोकन बघा. ‘नवीन तयार करा किंवा असलेला बदला’ हा पर्याय निवडला असेल आणि कोडात एक अक्षर चुकले, तर जुना कोर्स बदलत नाही, दुसराच उघडतो. सत्र चालू असताना शॉर्ट नेम बदलले तर विद्यार्थी नोंदणीच्या फायलींतला जुना कोड मूडलला सापडत नाही. बदल अटळच असेल तर त्या फायलीही त्याच दिवशी दुरुस्त करा.

संक्षेपांची एक पानी यादी विभागांत लावा आणि नवा संक्षेप देण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवा.