वीस मिनिटांनी काटा लालकडे: मारुती ८०० चा माझा अनुभव

गाव खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागातलं, दर्यापूरकडचं. लांब पल्ल्याच्या हौशी शर्यतीसाठी तयार केलेली ७९६ सीसीची गाडी जोरात पळवली की वीस मिनिटांत गरम व्हायची. हळू चालवली की तापमानाचा काटा खाली यायचा.

थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलला, पंखा थेट बॅटरीवर जोडला, रेडिएटरची (पाणी थंड करणाऱ्या नळ्यांची) जाळी बाहेरून धुतली. फरक शून्य. पुढची शर्यत तोंडावर, जीव मेटाकुटीला आला.

शेवटी गाडी तापवून बंद केली आणि रेडिएटर चाचपला. वर चटका, खालच्या मधल्या नळ्या कोमट. म्हणजे आत क्षार! वर्षभर बोअरचं पाणी भरत होतो, तेच नडलं.

इंजिन थंड झाल्यावर रेडिएटर उतरवून नवा कोअर (नळ्यांचा गाभा) बसवला. थर्मोस्टॅट काढून इंजिनात उलट्या दिशेनं पाणी सोडलं, गढूळपणा जाईस्तोवर. शेवटची धुलाई डिस्टिल्ड वॉटरची. थर्मोस्टॅट परत लावून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं भरलं. गाडीचं तोंड चढावर, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू केलं. बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहिलो, मग झाकण. चढाची पायरी गाळू नका, हवा अडकली की काटा पुन्हा चढतो.

परवा तासभर दामटली. काटा मधोमध.