विकेंडला गाडी काढून छोटी गावं बघायची असतील तर हे करा

सगळ्यात आधी, एका दिवसात पाच-सहा गावं उरकायचा प्लॅन करू नका, दोन पुरेत, कारण गाव गाडीतून दिसतच नाही, गाडी बाजूला लावून तास-दीड तास पायी हिंडलं की मगच कळतं. जाताना हायवे सोडा आणि जुना रस्ता धरा, वेळ जास्त लागतो पण बघण्यासारखं सगळं तिथेच असतं.

मॅप आदल्या रात्रीच ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. जीपीएस सॅटेलाइटवर चालतं म्हणून रेंज गेली तरी आपण कुठे आहोत ते कळतं, पण नकाशाच नसेल तर रिकाम्या स्क्रीनवर नुसता ठिपका दिसतो, त्याचा काय उपयोग!

टायरची हवा निघायच्या आधी, टायर थंड असतानाच चेक करा (गरम झाले की प्रेशर जास्त दाखवतं), स्टेपनी पण बघा, ती सगळे विसरतात. टाकी अर्धी झाली की भरून घ्या. दर २ तासांनी १५ मिनिटं थांबा. आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचाच, कारण आतल्या रस्त्यांवर दिवे नसतात आणि गुरं अचानक मध्ये येतात.

गावात कोणाला "इथे बघण्यासारखं काय आहे" विचारलं तर बऱ्याचदा "काही नाही" असंच उत्तर येतं, त्यापेक्षा "ही जुनी इमारत आधी कसली होती" असं विचारा, मग लोक मनापासून बोलतात. फोटो विचारूनच काढा. शेताचं फाटक बंद होतं तर जाताना बंदच करून जा.