इंदुरात भाड्यानं देण्यासाठी पहिलं जुनं घर: कर्ज आणि दुरुस्तीचा हिशेब कसा जुळवावा

जुनं घर घ्यायचं, डागडुजी करायची आणि भाड्यानं द्यायचं, असा विचार असेल तर आधी एक वाक्य डोक्यातून काढून टाका: ‘भाड्यातूनच हप्ता निघतो.’ बँकेच्या पैशावर घेतलेल्या पहिल्या घराचा हप्ता भाड्यातून निघत नाही. स्वतःची आणि नात्यातल्यांची बरीच घरं मी अशी उभी केली आहेत, आणि माणसं अडचणीत येतात ती याच एका वाक्यावर विसंबून. घर चुकीचं नसतं, भागही चुकीचा नसतो. दुरुस्तीच्या मध्यावर पैसा संपतो, एवढंच होतं.

घर निवडताना

घराची किंमत विचारण्याआधी त्या गल्लीतलं भाडं विचारा. दलालाला नव्हे, तिथे राहणाऱ्या भाडेकरूंना. भंवरकुआच्या बाजूला कोचिंगची मुलं मिळतात, भाडं बरं येतं, पण माणसं दरवर्षी बदलतात आणि दर बदलाला रंग, नळ, दारं यांची कामं काढावी लागतात. विजयनगरकडे नोकरदार. सुदामानगर, लोकमान्यनगर, टिळकनगर इथे भाडं थोडं कमी, पण कुटुंबं टिकून राहतात. पहिलं घर कुटुंबासाठीच घ्या, असं माझं ठाम मत आहे. रिकामा महिना सगळ्यात महाग पडतो.

कागद

वकील कराच, ते वेगळं सांगत नाही. फक्त दोन गोष्टी त्याच्याकडे जाण्याआधीच बघा. नोटरीवर विकलेलं घर असेल तर तिथूनच परत फिरा. नोटरीनं मालकी बदलत नाही, रजिस्ट्रीच लागते, आणि अशा घरावर बँक कर्जही देत नाही. प्लॉट आयडीएचा, म्हणजे इंदूर विकास प्राधिकरणाचा असेल तर लीज किती वर्षं उरली आहे आणि हस्तांतरणाची एनओसी (ना-हरकत) मिळेल का, हे विक्रेत्याकडून कागदावर घ्या. घर मंजूर नकाशाप्रमाणे आहे का, तेही बघा. गच्चीवरची नंतर काढलेली खोली तुम्हाला फायद्याची वाटते, बँकेच्या इंजिनिअरला ती आधी खटकते.

पैसा: इथे थांबून वाचा

बाकी सगळी कामं मिस्त्री, वकील, दलाल यांच्याकडून करून घेता येतात. हे मात्र तुम्हालाच बसून करायचं आहे.

पहिली गोष्ट, विक्रेत्याची किंमत आणि बँकेची किंमत वेगळी असते. बँक आपला माणूस पाठवते, तो घर बघून ‘टेक्निकल’ रिपोर्ट देतो, आणि कर्ज त्या आकड्यावर ठरतं. जुन्या घरात तो आकडा बहुतेक वेळा तुमच्या सौद्यापेक्षा कमीच निघतो. इमारत जुनी असेल तर कर्जाची मुदतही बँक कमी करते, म्हणजे हप्ता वाढतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के, त्यापुढे 75 लाखांपर्यंत 80 टक्के आणि त्याहून मोठ्या कर्जात 75 टक्के मिळू शकतात. ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. जुन्या घराला बँक त्याहून कमीच देईल, असं धरून चाला. शिवाय घर 10 लाखांहून महाग असेल तर मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरत नाहीत, तो सगळा आपल्या खिशातून.

उदाहरण घेऊ. सौदा 28 लाखांचा. बँकेनं किंमत धरली 25 लाख आणि दिले त्याचे 80 टक्के, म्हणजे 20 लाख. घराचेच 8 लाख तुमचे. रजिस्ट्रीचे साडेतीन लाख धरा. दुरुस्ती 4 लाख. म्हणजे ‘28 लाखांच्या घराला 20 लाख कर्ज मिळालं’ असं सांगणाऱ्याच्या खिशातून साडेपंधरा लाख जाणार असतात, आणि तो तयार असतो आठासाठी. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता बसतो साधारण 17,356 रुपये. भाडं 10 हजार आलं तरी महिन्याला 7 हजारांच्या वर घरचेच घालायचे आहेत. हे झेपत असेल तरच पुढे जा. भाडं दरवर्षी थोडं वाढतं, हप्ता जवळजवळ तसाच राहतो, म्हणून हा सौदा काही वर्षांनी जमतो. पण ती वर्षं काढता आली पाहिजेत.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: दुरुस्तीचं कर्ज घराच्या कर्जासोबतच मागा. त्याच दिवशी, त्याच टेबलावर. मीही इथेच अडकलो होतो. बँकेतले साहेब म्हणाले, आधी घर होऊ द्या, दुरुस्तीचं नंतर बघू. ते ‘नंतर’ म्हणजे नवी फाइल, पुन्हा कागदांची ‘लीगल’ तपासणी, पुन्हा टेक्निकल, आणि तोवर घराचा हप्ता सुरू झालेला. प्लास्टर खरवडलेल्या भिंती घेऊन ते घर अख्खा पावसाळा तसंच उभं राहिलं. तयार घराला हप्ता लगेच पुढच्या महिन्यापासून लागतो, तुमची दुरुस्ती झाली की नाही हे कोणी विचारत नाही.

दुरुस्तीचं कर्ज मिळवायचं तर अंदाजपत्रक इंजिनिअरच्या सही-शिक्क्याचं लागतं. मिस्त्रीनं वहीच्या पानावर लिहून दिलेला हिशेब चालत नाही. त्यात छत, प्लास्टर, नळ, वायरिंग, फरशी अशी कामं वेगवेगळी मांडलेली हवीत. सोफा, पलंग, पडदे यात घालू नका, त्यानं सगळ्या अंदाजपत्रकावरच शंका येते. पैसे एकदम हातात येत नाहीत. जेवढं काम झालं तेवढ्याचे, टप्प्याटप्प्यानं येतात. आणि खरी अडचण इथेच आहे: बँक काम झाल्यावर पैसे देते, मिस्त्री काम सुरू करण्याआधी मागतो. म्हणून एका टप्प्याची पूर्ण रक्कम तुमच्याकडे रोकडीत हवी. मिस्त्रीशी ठरवताना त्याचे टप्पे बँकेच्या टप्प्यांशी जुळवून घ्या: छत आणि प्लास्टर झालं की इतके, नळ आणि वायरिंग झालं की इतके. मिस्त्रीचे शेवटचे दहा टक्के पैसे, काम संपून पहिला पाऊस पडेपर्यंत, हातात ठेवा.

‘एवढ्याशा कामाला कशाला बँक, पर्सनल लोन काढ, दोन दिवसांत मिळतं,’ हा सल्ला देणारे खूप भेटतील. चार लाख 12 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता 8,898 रुपये. तेच दुरुस्तीचं कर्ज म्हणून 9 टक्क्यांनी 15 वर्षांसाठी घेतले तर 4,057. एकूण व्याज लांबच्या मुदतीत जास्त जातं, हे खरं. पण पहिल्या घरात माणूस व्याजानं बुडत नाही, महिन्याच्या ओढाताणीनं बुडतो. बदलत्या व्याजदराचं कर्ज लवकर फेडायला दंड नसतो, तेव्हा हातात पैसे आले की भरून टाका.

याखेरीज सहा हप्त्यांची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून त्याला हात लावू नका. त्याशिवाय रजिस्ट्रीची तारीख घेऊच नका. विक्रेता काही रक्कम रोखीत मागत असेल तर नाही म्हणा. घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही, आणि रजिस्ट्रीत किंमत कमी दाखवली की तुमचं कर्जही त्या मानानं कमी होतं. सौदा 50 लाख किंवा त्याहून मोठा असेल तर विक्रेत्याला पैसे देताना 1 टक्का टीडीएस कापून भरणं तुमचं काम आहे.

दुरुस्ती

इंदुरात पाऊस जूनच्या मध्यानंतर येतो. छताचं आणि भिंतींचं काम मार्च ते मे यातच उरका. क्रम साधा आहे: छत, ओल, नळ, वायरिंग, फरशी, रंग. रंग शेवटी. घर घेतल्या घेतल्या पुट्टी आणि रंग मारून भाड्यानं द्या म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, त्यामुळे जुन्या घराच्या भिंतींना तडे जातात आणि जोत्यातून ओल वर चढते. भिंतीवर बोटाच्या पेरानं ठोकत चला. जिथे पोकळ आवाज येतो तिथलं प्लास्टर सुटलेलं आहे. ज्या भिंतीला पांढरा खार सुटलाय तिथे डाग दिसतो त्याच्या वर आणखी हातभर प्लास्टर काढा, विटांच्या सांध्यातली भुगा झालेली दर्ज खरवडा, तारेच्या ब्रशनं साफ करा आणि ती भिंत उघडीच वाळू द्या. ओल मुळात कुठून येते हे शोधून ते बंद करा, मगच वॉटरप्रूफिंग घातलेलं प्लास्टर करा. ओल्या भिंतीवर काहीही चोपडलं तरी ते पहिल्याच पावसात पोपडे होऊन खाली येतं.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्स लावायच्या आधी पाणी जायच्या नहाणीचं तोंड बोळ्यानं पक्कं बंद करा आणि चार बोटं पाणी भरून ठेवा. पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलीनं मारा. दोन दिवस थांबा. रेघेखाली पाणी जाणवण्याइतकं उतरलं किंवा खालच्या छताला ओला डाग आला, तर मिस्त्रीला पुन्हा कामाला लावा. ‘आता टाइल्स बसल्या की बंद होईल’ असं तो म्हणेल. नाही होत.

जुने लोखंडी पाइप आतून गंजलेले असतात, सगळे बदला. गरम पाण्याला सीपीव्हीसीचे (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचे) पाइप घ्या. गीझर आणि एसीला 4 एमएमची वायर, बोर्डात 30 एमएची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. भाडेकरूच्या घरात लहान मुलं असतील, यात काटकसर नको. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं असं समजून हौद आणि गच्चीवरची टाकी त्या मापाची ठेवा. मलबा रस्त्याच्या कडेला टाकू नका. नगर निगम दंड लावतं, आणि लावलाच पाहिजे.

भाडेकरू आल्यावर

करार 11 महिन्यांचा, पोलीस व्हेरिफिकेशन त्याच आठवड्यात, मीटरचं रीडिंग आणि भिंतींचे फोटो दोघांच्याही फोनमध्ये.

प्राप्तिकराचं मात्र पहिल्याच वर्षी समजून घ्या. भाड्यातून भरलेला संपत्ती कर वजा होतो, उरलेल्यावर 30 टक्के सरसकट सूट मिळते आणि वर कर्जाचं व्याज वजा होतं. दुरुस्तीच्या कर्जाचं व्याजही यात धरतात. मिस्त्रीची बिलं वेगळी वजा होत नाहीत, ती त्या 30 टक्क्यांतच आली. व्याज भाड्यापेक्षा जास्त निघालं तर जुन्या कर पद्धतीत त्यातला 2 लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वळता करता येतो, नव्या पद्धतीत नाही. पगारदार माणसानं दोन्ही पद्धतींचा हिशेब मांडूनच निवड करावी. छत, वायरिंग, नवी फरशी अशा मोठ्या कामांची बिलं मात्र घर विकेपर्यंत जपा, कारण विक्रीच्या नफ्यातून असा सुधारणेचा खर्च वजा होतो. त्यासाठी बिलावर दुकानाचं नाव आणि तारीख हवी, आणि पैसे खात्यातून गेल्याची नोंद हवी.