वेळासला जायचंय? मग सावित्री फेरीबोटीनेच ओलांडा

वेळासला, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्या कासवांच्या गावाला, कसं जायचं असं कोणी विचारलं की मी पहिल्यांदा हेच सांगते, की आंबेत-म्हाप्रळचा पूल आणि मंडणगड करत येणारा रस्ता परतीला ठेवा, जाताना मात्र हरिहरेश्वरवरून जा. हरिहरेश्वरपासून थोडं पुढे बागमांडला आहे, तिथे गाडीसकट फेरीबोटीत चढायचं, सावित्रीची खाडी ओलांडायची आणि पलीकडे वेश्वीला उतरायचं. दहा-पंधरा मिनिटं लागतात फक्त, पण तेवढ्यात रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू झालेला असतो आणि डोक्यातला हायवे पण उतरलेला असतो, गाडीचं इंजिन बंद, काच खाली, खारं वारं आणि उजवीकडे जिथे खाडी संपते तिथे सरळ समुद्र.

महाबळेश्वरला आर्थर सीटवर उभं राहून खाली जी सावित्रीची दरी बघतो ना, ती हीच नदी. आर्थर मॅलेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची बायको आणि तान्ही मुलगी इथे बाणकोटजवळ बोट बुडून गेल्या, आणि नंतर तो महाबळेश्वरच्या त्या कड्यावर बसून सावित्रीकडे बघत राहायचा असं सांगतात, म्हणून ते आर्थर सीट. मी लहानपणापासून दहा वेळा तरी तो पॉइंट बघितला असेल पण ती गोष्ट मला खरी पोचली ती फेरीच्या कठड्याला टेकून उभी होते तेव्हा, कारण पाणी इथे चांगलंच रुंद आहे आणि समुद्र अगदी तोंडाशी.

आता प्रॅक्टिकल. पुण्याहून येत असाल तर मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूर, माणगाव, म्हसळा असं हरिहरेश्वर. मुंबईकरांनी वेळ असेल तर आख्खा प्रवासच पाण्यावरून करून बघावा, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली 2020 मध्ये, त्यात गाडी घालायची, साधारण तासाभरात मांडवा, मग अलिबाग, रेवदंडा, मुरुड करत आगरदांडा, तिथे दिघीला जाणारी जंगलजेटी, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोटच, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि शेवटी बागमांडल्याची ही फेरी. म्हणजे वेळासला पोचेपर्यंत तीन वेळा पाणी ओलांडून होतं. एका दिवसात धावतपळत करू नका पण, मध्ये दिवेआगरला किंवा श्रीवर्धनला मुक्काम टाका. गाडी नसेल तर माणगावपर्यंत कोकण रेल्वे आणि पुढे एसटी, हरिहरेश्वरहून रिक्षाने बागमांडला, माणसांना फेरीत चालत चढता येतंच, पण वेश्वीला उतरल्यावर पुढे वेळासपर्यंत वाहन लागतं, ते ज्यांच्याकडे राहणार त्यांनाच आधी फोन करून सांगून ठेवा.

फेरीत चढताना घाई करू नका, जेटीवरचा माणूस हात करेल तसं गाडी हळू घ्या, आत लावली की हँडब्रेक ओढून गिअरमध्ये ठेवा आणि मग खाली उतरा. सुटे पैसे जवळ असू द्या, त्या टोकाला मोबाइलला रेंज असेलच असं नाही. पहिली आणि शेवटची फेरी किती वाजता हे निघायच्या आदल्या दिवशी विचारून घ्या, सीझनप्रमाणे बदलतं. आणि लाँग वीकेंडच्या रविवारी संध्याकाळी परतीला या फेरीवर विसंबू नका, आम्ही एकदा मुलं घेऊन त्या रांगेत अडकलो होतो आणि अंधार पडेपर्यंत नंबर लागला नव्हता. म्हणूनच मंडणगडचा रस्ता परतीला ठेवा म्हटलं.

एक गोष्ट मात्र शिकून घ्याच, भरती-ओहोटीचा हिशोब. कोकणात लोक ॲप बघत नाहीत, तिथी बघतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. म्हणजे चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, तीनच्या सुमाराला भरती, आणि तिथून सहा तासांनी म्हणजे नऊच्या आसपास ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराला ओहोटी. दुपारचं आणि रात्रीचं गणित सारखंच, कारण दिवसातून दोनदा भरती येते. अगदी मिनिटाला नाही जुळत पण बेत ठरवायला पुरतं. हे कशाला हवं तर हरिहरेश्वरच्या देवळामागचा प्रदक्षिणामार्ग समुद्रातल्या खडकांवरून जातो आणि तो फक्त ओहोटीलाच करायचा असतो, भरतीला तिथे लाटांनी माणसं ओढून नेलीयत, तेव्हा स्थानिक माणूस नको म्हणाला की नाही जायचं, विषय संपला.

वेश्वीला उतरलात की रस्ता खाडीच्या काठाने बाणकोटला जातो. किल्ला बघा, वरती गाडी जाते. जांभ्या दगडाचा, छोटाच, याचं एक नाव हिंमतगड, आणि 1755 साली इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. तटावर उभं राहिलं की आत्ता आपण ज्या फेरीतून आलो ती खाली खाडीत काडेपेटीएवढी दिसते आणि पलीकडे हरिहरेश्वरचा डोंगर. संध्याकाळी पाच नंतर गेलात तर उत्तम.

तिथून पुढे वेळास. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव, त्यांचा पुतळा आहे, महालक्ष्मी-रामेश्वराचं देऊळ आहे, नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून जाणारा चिंचोळा रस्ता, आणि समुद्र गावाला चिकटून नाही, वाडीतून आणि सुरूच्या बनातून चालत जावं लागतं. ते चालणं मला फार आवडतं, कारण समुद्र आधी ऐकू येतो आणि बऱ्याच वेळाने दिसतो.

पण लोक येतात ते कासवांसाठी, आणि यावंच. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत खड्डा करून शंभरावर अंडी घालतात आणि परत समुद्रात निघून जातात, पिल्लांसाठी थांबत नाहीत. पूर्वी ही अंडी माणसं काढून न्यायची, उरलेली कुत्री-कोल्हे खायचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये इथे काम सुरू केलं, गावातल्याच पोरांनी पहाटे किनारा चालून घरटी शोधायची आणि अंडी जाळी लावलेल्या जागेत तशाच खड्ड्यात हलवायची. 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि गावातल्या घरांनी पाहुणे ठेवायला सुरुवात केली. ज्या गावात अंडी खाल्ली जायची त्याच गावाची घरं आता कासवांमुळे चालतात, हे मला फार मोठं वाटतं. 2022 च्या जानेवारीत इथल्याच एका मादीला सॅटेलाइट टॅग लावून सोडलं, पश्चिम किनाऱ्यावरची अशी पहिली, म्हणून नाव प्रथमा.

पिल्लं बघायची तर फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत या, अंडी उबायला दीड-दोन महिने लागतात. सकाळी सूर्य वर यायच्या आत आणि संध्याकाळी घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलून बघतात, पिल्लं आली असतील तर दोरीपलीकडे वाळूवर सोडतात आणि ती आपली आपण पाण्याकडे चालायला लागतात. कधी पाच-पंचवीस असतात, कधी एकही नसतं, त्यामुळे दोन रात्री राहा म्हणजे चार संधी मिळतात. फ्लॅश नाही, टॉर्च नाही, हात लावायचा नाही, दोरीच्या अलीकडे बसून राहायचं. लहान मुलांना आधीच समजावून आणा, मुलं खरं तर मोठ्यांपेक्षा शांत बसतात.

राहायला हॉटेल शोधू नका, घरातच राहा, आणि आधी बुकिंग करून या, सीझनला आयत्या वेळी जागा मिळत नाही. खोल्या साध्या असतात, बऱ्याचदा चार-सहा जणांत एक बाथरूम, वीज जाते, ते धरून चाला. जेवण मात्र जे त्या दिवशी घरात शिजतं तेच, आम्ही राहिलो त्या काकूंकडे शाकाहारीच होतं, सकाळी घावणे आणि नारळाची चटणी, दुपारी तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, सोलकढी, आणि आदल्या दिवशी सांगितलं तर उकडीचे मोदक. मासे हवेच असतील तर आधी विचारून घर निवडा. निघताना कोकम आगळ आणि पोह्याचे पापड त्यांच्याकडूनच घ्या.

बाणकोटच्या खाडीवर, म्हणजे या सावित्रीवरच, पूल होणार असं खूप वर्षं ऐकतोय. झाला तर तिथल्या लोकांची, दवाखाना गाठणाऱ्यांची मोठी सोय होईल, व्हायलाच हवा. तोवर गाडी बंद करा, खाली उतरा आणि कठड्याशी पुढे जाऊन उभे राहा, उजव्या बाजूला, समुद्र तिकडे दिसतो.